एवढुसा तुकडा आणि आपले हात



आजच्या भागात तान्ह्या पोळ्याच्या बैलाची गोष्ट सांगते. चार चाकांचा, लाकडाचा, लेकराच्या हातात दोरी असलेला बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, लेकरं तो सजवून घरोघर नेतात आणि आपण त्यांच्या हातावर बोजारा ठेवतो. नागपूरचे दुसरे रघूजीराजे भोसले यांनी लहान मुलांसाठी हा सण सुरू केला, असं नागपूरकर सांगतात. रघूजीराजांची कारकीर्द १७८८ ते १८१६ अशी. म्हणजे दोनशे वर्षांवर आपल्या विदर्भात कोणी ना कोणी हे बैल घडवत आलं आहे. आणि बैल म्हटला की त्याला कान आले, शिंगं आली, पाय आले, चाकं आली. सगळे बोटाएवढे तुकडे.

गेल्या वर्षी आमच्या गटाने कर्ज काढून राउटर मशीन घेतलं. टेबलाला मधोमध भोक, खालून मशीन बसवलेलं, भोकातून फक्त पातं वर आलेलं. या पात्याला बिट म्हणतात. लाकडाची कड त्याच्यावरून नेली की कड गोल होते, लेकराच्या हाताला टोचत नाही. श्रावणात ऑर्डर होती. एक ताई बैलाचा कान गोल करत होती. दोन इंचाचा तुकडा, दोन बोटांच्या चिमटीत. बिटाने तुकडा हिसकला, तुकडा कुठल्या कुठे उडाला आणि बोट पुढे गेलं. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक गेलं.

दवाखान्यातून पट्टी करून आल्यावर ती मला म्हणाली, “काहून वो ताई, एवढुसा तं तुकडा होता!” तुकडा लहान, म्हणून धोकाही लहान, असं तिला वाटलं होतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

त्यानंतर आठ दिवस मशीनवर चादर टाकलेली होती. गटाच्या बैठकीत एक म्हणाली, विकून टाका. कोणाचा नवरा म्हणाला, “हे काई बाईचं काम नाई.” दुसरी म्हणाली, हप्ता कोण भरणार? मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. भांडण सुरू असताना माझ्या मनात एकच प्रश्न होता. दोनशे वर्षं हे बैल झाले, तेव्हा कोणी एवढासा तुकडा कसा धरला? आणि यंत्र आल्यावर बायांच्या हातांचं काय झालं? मग मी थोडं वाचलं, आमच्या भागातल्या म्हाताऱ्या सुतारबाबांकडे जाऊन बसले. त्यातून जे हाती आलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी सुताराची रीत पाहू. गावगाड्यात बारा बलुतेदार, आणि सुतार त्यातला महत्त्वाचा. तिफण, वखर, डवरा, जू, बंडीचं चाक, घराची चौकट हे सगळं त्याच्याकडे. वर्षभराच्या कामाचं त्याला सुगीला धान्य मिळे. लेकराचा बैल हे त्यातलं उरलंसुरलं काम, बहुतेक वेळा उरल्यासुरल्या लाकडातलंच. त्याच्याकडे वाकस, करवत, रंधा, पटाशी, कानस आणि भोक पाडायला सामता. तो जमिनीवर बसून काम करायचा आणि लाकूड पायाने दाबून धरायचा. दोन्ही हात हत्यारावर, लाकूड पायाखाली.

मी सुतारबाबांना विचारलं, “बाबा, बैलाचा कान कसा धरत होते?” ते हसले. म्हणाले, “कान धरतच नव्हतो. कान शेवटी तोडायचा.” म्हणजे कसं, तर हातभर लाकूड घ्यायचं. त्याच्या एका टोकाला कान घडवायचा. घडवून, घासून, गुळगुळीत झाला की मग करवतीने कापून सुटा करायचा. पुन्हा त्याच लाकडाच्या टोकाला दुसरा कान. तोवर धरायला हातभर लाकूड असतंच. चाकांचंही तसंच. गोल दांडा करायचा आणि काकडीच्या चकत्या पाडाव्या तशा चकत्या पाडायच्या. एकेक चकती धरून गोल करत बसलं तर दिवस जाईल आणि बोटही जाईल.

ही रीत फक्त आपल्या गावची नाही. महाराष्ट्रात लाकडी खेळण्यांचं नाव काढलं की कोकणातलं सावंतवाडी आठवतं. तिथे चितारआळी नावाची आळीच आहे. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची फळं, भोवरे, पाट, खेळणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या होत आली. गोल वस्तू खरादावर होतात. खराद म्हणजे लाकूड गरागरा फिरवायचं साधन. जुन्या खरादाला दोन माणसं लागत, एक दोरी ओढणारं आणि एक पटाशी धरणारं. तिथेही भोवरा सुटा धरून करत नाहीत. लांब दांडा खरादात पक्का बसवायचा, त्याच्या टोकाला भोवरा घडवायचा, फिरता असतानाच लाखेची कांडी टेकवून रंग चढवायचा. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर बसते. सगळं झालं की भोवरा दांड्यापासून वेगळा करायचा. ही कला मागे पडत चालली होती, तेव्हा १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात तिला पुन्हा जागा दिली. तिथे हाताने रंगवलेले गंजिफा, म्हणजे जुन्या तऱ्हेचे गोल पत्ते, आजही होतात.

म्हणजे वऱ्हाडातला सुतार असो की सावंतवाडीचा चितारी, नेम एकच होता. तुकडा लहान असेल तर तो शेवटपर्यंत मोठ्या लाकडाला जोडलेला ठेवायचा. हा नेम कुठे लिहिलेला नव्हता. बाप पोराला हातात हात घेऊन शिकवायचा. पोरीला मात्र कोणी शिकवलं नाही. सुताराच्या घरातल्या बायांनी लाकूड आणलं, भुसा भरला, रंग दिला, बाजारात बसून बैल विकले. पटाशी हातात धरायची वेळ त्यांच्यावर आली नाही. म्हणून २००० नंतर आपण गट करून यंत्र विकत घेतलं, तेव्हा यंत्र आपल्याकडे आलं पण हा नेम आला नाही. यंत्रासोबत एक छापील पुस्तिका होती, तीही आपल्या भाषेत नव्हती.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. यंत्र आलं तेव्हा बायांच्या हातांचं काय झालं? यासाठी वऱ्हाडात लांब जायला नको, कापसाकडे पाहू.

पूर्वी सरकी घरीच काढायचे. दोन लाटांचा लाकडी चरक असे. एक बाई दांडा फिरवी, लाटांमधून कापूस पलीकडे जाई, सरकी अलीकडे पडे. लाटा सावकाश फिरत, कारण फिरवणारा हात तिचाच. बोट जवळ गेलं की तिने हात थांबवला, चरक थांबला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. त्याच दशकात रेल्वे आपल्याकडे पोचली. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा फाटा सुरू झाला. पाठोपाठ वाफेवर चालणाऱ्या जिनिंग आणि प्रेसिंग आल्या. अकोला, खामगाव, अमरावती, मूर्तिजापूर, जिकडे रेल्वे तिकडे जिन. घरचा चरक माळ्यावर गेला आणि चरक फिरवणाऱ्या बाया जिनमध्ये कापूस घालायला उभ्या राहिल्या. आता यंत्र फिरवणारा हात त्यांचा नव्हता. बोट जवळ गेलं तरी यंत्र थांबत नव्हतं. पदर पट्ट्यात सापडला तरी थांबत नव्हतं.

देशातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. पण शंभरापेक्षा कमी कामगारांचे किंवा वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यात बसतच नव्हते. जिन तर हंगामी, कापूस आला की चालणार. १८९१ च्या कायद्याने बायकांचे तास दिवसाला अकरा ठरवले. हंगामी कारखाने कायद्याखाली आले ते १९११ साली. तीस वर्षं गेली मध्ये.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला. २०२५ पर्यंत लागू असलेल्या या कायद्यात बायांच्या हातांविषयी तीन कलमं फार बोलकी होती. एकविसावं कलम म्हणायचं की यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घाला, म्हणजे जाळी, झाकण, आडोसा. हे सगळ्या कामगारांसाठी. बाविसावं म्हणायचं की चालू यंत्राची साफसफाई, तेलपाणी बाईला आणि अल्पवयीनांना करू देऊ नका. आणि सत्ताविसावं तर आपल्या कापसाचंच होतं. कापूस दाबण्याच्या कारखान्यात, जिथे कापूस मोकळा करणारं ओपनर यंत्र चालू असेल तिथे बाईला आणि मुलाला कामावर ठेवू नये.

मला हे वाचून आधी बरं वाटलं. मग वाटलं, बाईला आणि मुलाला एकाच ओळीत बसवलं. मूल अजाण असतं, बाई तर अजाण नाही! यंत्र धोक्याचं होतं, तर तिला यंत्र शिकवता आलं असतं. पण त्याच कलमात पुढे एक सवलत होती. कापूस घालायचं तोंड आणि कापूस बाहेर पडायचं तोंड यांच्या मध्ये छतापर्यंत भिंत असेल, तर कापूस घालायच्या बाजूला बायांनी काम केलं तरी चालेल. म्हणजे पाहा, कायद्यातच दोन वाटा होत्या. एक वाट, बाईलाच यंत्रापासून लांब ठेवा. दुसरी वाट, मध्ये भिंत घाला, मग बाईला काम करू द्या.

आमच्या बैठकीतही याच दोन वाटा होत्या. “विकून टाका” ही पहिली वाट. ती सोपी आहे. पण त्या वाटेने गेलं तर बाईच्या वाट्याला पुन्हा भुसा भरणं आणि रंग देणं, आणि मजुरीही तेवढीच. आम्हाला दुसरी वाट हवी होती. आपली भिंत कोणती, ते शोधायचं होतं.

त्यासाठी हे राउटर आहे काय, ते समजून घेतलं. याचं वय फार नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात कार्टर नावाच्या माणसाने हातात धरायचं विजेचं राउटर बनवायला सुरुवात केली. १९२९ साली स्टॅनले या हत्यारांच्या कंपनीने तो धंदा विकत घेतला. १९४९ साली जर्मनीतल्या एलू कंपनीने वरून खाली दाबता येणारं राउटर काढलं. सुताराच्या नक्षीच्या रंध्याला अर्धा दिवस लागायचा, ते काम यात काही मिनिटांत होऊ लागलं. राउटर उलटं करून टेबलाखाली बसवलं की हातात यंत्र धरावं लागत नाही, लाकूड धरावं लागतं. इथेच छोट्या तुकड्याची गोष्ट सुरू होते.

आमचं बिट मिनिटाला साधारण वीस हजार फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला तीनशे तेहतीस. बिटाला दोन धारा, म्हणजे सेकंदाला सहाशेच्या वर घाव. पापणी लवायला सेकंदाचा तिसरा हिस्सा धरला तरी तेवढ्यात शंभरावर फेरे होतात. चरकावर बोट जवळ गेलं की बाई थांबत होती. इथे “अरे” म्हणेपर्यंत सगळं होऊन जातं. आपण सावध राहू, चटकन हात मागे घेऊ, या भरवशावर या यंत्राशी काम करताच येत नाही.

आणि तुकडा जितका लहान तितका धोका मोठा, त्याची कारणं सरळ आहेत. लहान तुकड्याला वजन नसतं, म्हणून बिट त्याला सहज भिरकावतं. तो टेबलावर नीट टेकत नाही, बिटाभोवतीच्या भोकात कलतो. त्याचे रेषे आखूड असतात, त्यामुळे मध्येच चिरफळी उडते. आणि धरायला जागा नाही म्हणून बोटं थेट धारेशेजारी. मोठ्या पाटीला ही चारही दुखणी नाहीत. सुतारबाबा राउटर वापरत नाहीत, पण त्यांचा नेम राउटरला सगळ्यात जास्त लागू आहे. आमची भिंत तीच होती. मोठी पाटी.

चादर काढली आणि आम्ही सुतारबाबांच्या देखरेखीखाली, आणि राउटर चालवणाऱ्या एका मिस्त्रींकडून शिकून, कामाची रीत बदलली. ती आता सांगते. ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनी वही घ्या.

पहिलं, हातभरापेक्षा कमी लांबीचं लाकूड हाताने धरून बिटावर न्यायचं नाही. हा आमचा पहिला नियम, गटाच्या रजिस्टरमध्ये लिहिलेला. बैलाचे पाय करायचे तर आधी लांब पट्टीची कड गोल करायची, मग पट्टीचे तुकडे पाडायचे. कानांसाठी हातभर लांब आणि वीतभर रुंद पाटी घेतो. तिच्या एका कडेला चार कान ओळीने आखतो. करवतीने बाहेरची गोलाई कापतो, पण बुडाशी कान पाटीलाच ठेवतो, जशी हाताला बोटं. मग पाटी धरून कानांच्या कडा गोल करतो. हात पाटीच्या पलीकडच्या टोकाला. दोन्ही बाजू झाल्या की मशीन बंद, आणि साध्या करवतीने कान सुटे.

दुसरं, तुकडा आधीच सुटा असेल तर त्याला मोठा करायचा. मोठ्या पाटीत त्याच्या मापाचा खड्डा करून त्यात तो बसवायचा, किंवा पाटीवर कागद चिकटवून कागदावर तुकडा गोंदाने बसवायचा. गोंद पूर्ण वाळू द्यायचा. काम झालं की पातळ पटाशी घातली की कागद फाटतो, तुकडा सुटतो. पाटीत खिळा किंवा स्क्रू वापरला तर तो बिटाच्या वाटेत येता कामा नये.

तिसरं, दिशा. टेबलासमोर उभं राहा, आधाराची पट्टी पलीकडे, बिट मध्ये. बिटाची आपल्याकडची बाजू डावीकडून उजवीकडे धावते. म्हणून लाकूड उजवीकडून डावीकडे न्यायचं, म्हणजे बिटाच्या तोंडावर. उलट नेलं तर बिट चाकासारखं लाकूड घेऊन पळतं आणि मागे हातही ओढतं. पट्टी आणि बिट यांच्या मधल्या फटीतून लाकूड कधीच न्यायचं नाही.

चौथं, कानासारख्या वाकड्या कडेला सरळ पट्टी कामाची नाही. तिथे बेअरिंगचं बिट लागतं आणि बिटाजवळ टेबलात एक खुंटी ठोकलेली लागते. लाकूड आधी खुंटीला टेकवायचं, मग हळूच बिटाच्या बेअरिंगला लावायचं. खुंटी नसली तर पहिल्या स्पर्शालाच झटका बसतो. आमच्या ताईच्या टेबलावर त्या दिवशी खुंटी नव्हती. कोणाला माहीतच नव्हती.

पाचवं, एका फेऱ्यात सगळं काढायचा हावरटपणा नको. दोन-तीन मिलिमीटर काढा, बिट वर करा, पुन्हा काढा. बिट बदलताना प्लग काढलेलाच पाहिजे, नुसतं बटण बंद केलेलं चालत नाही. बिटाचा दांडा पूर्ण आत सारून थोडासा मागे घ्यायचा आणि मग आवळायचा. बिटाभोवतीचं भोक मोठं असेल तर पातळ प्लायला बिटाएवढंच भोक पाडून तो वर बसवायचा.

सहावं, ढकलायला हात वापरायचा नाही, ठोकळा वापरायचा. मूठ असलेला लाकडी ठोकळा आम्ही स्वतः केला. तो कापला गेला तर दुसरा करता येतो.

आणि सातवं, आपल्या गावचं. लाईन गेली की सगळ्यात आधी बटण बंद. नाहीतर बाई लाकूड बाजूला ठेवायला बिटावरून हात नेते आणि नेमकी तेव्हाच लाईन येते. लोडशेडिंगच्या गावात हा नियम पुस्तिकेतल्या सगळ्या नियमांपेक्षा मोठा आहे.

कपड्यांवर आमची चर्चा फार लांबली. पदर, ओढणी, वेणी, मंगळसूत्र, बांगड्या. शेवटी एका मावशीने सोडवलं. म्हणाली, कापूस वेचताना नवऱ्याचा जुना शर्ट घालता नं लुगड्यावर, तोच घाला. आता पदर खोचून वर शर्ट, बटणं लावलेली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. वेणीचा अंबाडा. मंगळसूत्र शर्टाच्या आत. कामापुरत्या बांगड्या डब्यात. हातमोजे मात्र घालायचे नाहीत. फिरत्या धारेत मोज्याचं टोक सापडलं की पूर्ण हात ओढला जातो. डोळ्याला चष्मा, नाकातोंडाला मास्क, कानाला बोळे. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. म्हणून भुसा फुंकायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा, आणि घरात चुलीजवळ उडू द्यायचा नाही.

आता पैशाचंही बोलू, कारण बोट गेल्यावर तोच प्रश्न पहिला येतो. १९२३ साली कामगार भरपाईचा कायदा झाला, तो २०२५ पर्यंत लागू होता. त्याला जोडलेल्या कोष्टकात एकेका बोटाचा हिशेब होता, कुठलं बोट गेलं तर कमावण्याची ताकद किती टक्के कमी झाली असं धरायचं त्याचा. अंगठा गेला तर ३० टक्के. अंगठ्याशेजारचं बोट पूर्ण गेलं तर १४, मधलं गेलं तर १२, करंगळी किंवा तिच्या शेजारचं गेलं तर ७. हाड न जाता पहिल्या बोटाचं नुसतं टोक गेलं तर ५. आमच्या ताईचं ते पाच टक्के. पण तेही तिला नाही. कारण हा कायदा मालक आणि कामगार असेल तिथला. गटात आपणच मालक आणि आपणच कामगार. भरपाई मागायची कोणाला?

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपये भरले की अपघाताचा विमा मिळतो. प्रत्येक बाईने तो काढावाच. पण तो मृत्यूसाठी, आणि पूर्ण हात, पूर्ण पाय किंवा डोळा गेला तर. बोटाच्या टोकाला त्यात पैसा नाही. कारखान्यात निरीक्षक येऊ शकतो, आपल्या पडवीत कोणी येणार नाही. म्हणून जाळी, पाटी, ठोकळा, खुंटी हे सगळं कर्ज काढतानाच हिशेबात धरा. मशीनच्या किमतीत धरा. आम्ही धरलं नव्हतं. ती चूक गटाची, आणि समन्वयक म्हणून माझीही.

आणखी एक. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत. त्यात सुतारकाम आहे आणि बाहुल्या-खेळणी बनवण्याचं पारंपरिक कामही आहे. प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आहे. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. घरातला पुरुष लाकूडकाम करत नसेल आणि तुम्ही करत असाल, तर तुमचं नाव लावा. प्रशिक्षणात पहिल्या दिवशी विचारा की छोटा तुकडा कसा धरायचा.

आपल्या मेळघाटात धारणी तालुक्यातल्या लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र आहे, सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं. तिथल्या बांबूच्या राख्या तुमच्यापैकी कोणी बांधल्याही असतील. राखीचा तुकडा बैलाच्या कानापेक्षाही लहान. बारीक कामात आपल्या भागाचे हात कमी नाहीत, हे सांगायला दुसरा दाखला नको. हात टिकले पाहिजेत, एवढंच.

आमच्या ताईचं विचारता? दोन महिन्यांनी ती आली. बोट थोडं आखूड, थंडीत ठणकतं म्हणते. मशीनजवळ लगेच गेली नाही. चार दिवस नुसती बसून पाहत होती. पाचव्या दिवशी उठली, पेन्सिल घेतली, पाटीवर ओळीने चार कान आखले. मग मशीन सुरू करायच्या आधी तिने टेबलातली खुंटी हलवून पाहिली, पक्की आहे का ते. नवीन पोरगी शिकायला आली की आता तीच शिकवते. आधी मशीन दाखवत नाही. आपलं बोट दाखवते, मग पाटी दाखवते.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला तुमच्या दाराशी बैल आला, तर बोजारा द्यायच्या आधी त्याचा कान जरा हातात धरून पाहा. किती एवढुसा असतो ते कळेल.

आजच्यापुरतं इतकंच. आपापल्या गटाच्या बैठकीत मशीनचे नियम रजिस्टरमध्ये लिहिले की आम्हाला जरूर कळवा. नमस्कार.